उन्हाळ्याची सुट्टी आणि दक्षिणेचा किनारा

परीक्षा आटोपल्या, उत्तरपत्रिका तपासून झाल्या, की आमच्या बेळगावात घरोघरी सुट्टीचे बेत सुरू होतात. इंदूरचे काका, वडोदऱ्याच्या मावशी, हैदराबादेत स्थायिक झालेला भाऊ, कोल्हापूरची नणंद अशी सारी मंडळी वर्षातून एकदा एकत्र यावीत आणि चार दिवस समुद्राकाठी घालवावेत, ही इच्छा काही नवी नाही. आम्हा घाटावरच्या माणसांना समुद्राचे आकर्षण फार; आणि तो आमच्यापासून फार लांबही नाही. पश्चिमेला घाट उतरला की गोवा, तेथून दक्षिणेला वळले की कारवार, आणि त्याच्या खाली थेट कन्याकुमारीपर्यंत किनाऱ्यावरच्या गावांची ओळच लागलेली आहे. इतक्या गावांतून आपले गाव निवडायचे कसे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. कोणीतरी मोबाईलवर एक छायाचित्र दाखवतो. निळे पाणी, वाकलेला माड, मावळता सूर्य! सर्वांच्या माना डोलतात आणि गाव ठरते. आमच्या कुटुंबातही आठ-नऊ वर्षांपूर्वी असेच ठरले होते. आम्ही लहानथोर अठरा माणसे दक्षिणेच्या एका रमणीय गावी जाऊन पोहोचलो. छायाचित्रात सर्व काही होते, फक्त पायऱ्या नव्हत्या. आमची उतरण्याची जागा टेकडीवर, आणि वाळू खाली, पायऱ्यांच्या एका लांबलचक उताराच्या शेवटी. गुडघेदुखीने त्रासलेल्या माझ्या सासूबाई चार दिवसांत एकदाच खाली उतरल्या. उरलेले दिवस त्यांनी वरच्या सज्जात बसून समुद्राचा आवाज ऐकण्यात काढले.

दुसऱ्या दिवशी याहून गंभीर प्रसंग ओढवला. माझ्या धाकट्या बहिणीचा चौदा वर्षांचा मुलगा कमरेइतक्या पाण्यात खेळत होता. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, म्हणून त्याने मधला शांत दिसणारा पट्टा निवडला होता. पाहता पाहता तो वीस-पंचवीस हात आत गेला. आम्ही दहा-बारा मोठी माणसे काठावर उभी होतो. ओरडण्यापलीकडे आमच्यापैकी एकालाही काही सुचले नाही. जवळच जाळी विणत बसलेले दोन कोळी एक मोठा तरंगता बोया घेऊन धावले आणि त्यांनी त्याला सुखरूप आणले. त्यांतला वडीलधारा एवढेच म्हणाला, की जेथे लाट फुटत नाही तेथे पाण्यात उतरू नये. परतीच्या प्रवासात कोणी फारसे बोलले नाही.

त्या सुट्टीने मला जे शिकवले ते थोडक्यात असे: गाव चित्रावरून निवडू नये. आपल्या मेळाव्यातील सर्वांत अशक्त माणूस कोण, आणि त्याला तेथे काय करता येईल, यावरून ते निवडावे. आणि त्या दिवसांत समुद्र कसा वागतो, हे जाणून निवडावे. एकट्यादुकट्या प्रवाशाला चूक परवडते, कारण तिची किंमत तो स्वतः भरतो. मेळाव्यात मात्र एकाच्या हौसेची किंमत दुसऱ्याला भरावी लागते.

प्रथम माणसांचा विचार करू. कागद घ्यावा आणि येणाऱ्यांची नावे वयासकट लिहावीत. कोणाला मधुमेह आहे, कोणाला जिना चढवत नाही, कोणाचे मूल अजून मांडीवर आहे, कोणाला पोहता येते, हे प्रत्येक नावापुढे लिहावे. पोहता येणारे नदीत शिकले की तलावात, हेही विचारावे. समुद्रात पोहणे ही वेगळी विद्या आहे. ही यादी झाली की निम्मी गावे आपोआप गळतात. ज्या गावी गाडी वाळूपर्यंत जात नाही, जेथे रात्री-अपरात्री रुग्णालय गाठणे कठीण आहे, जेथे उतरण्याच्या जागेपासून पाण्यापर्यंत सावलीचा रस्ता नाही, ते गाव कितीही सुंदर असले तरी या मेळाव्यासाठी नव्हे.

दुसरा विचार काळाचा. येथे आपल्या विखुरलेल्या मराठी कुटुंबांची एक खास अडचण आहे. कर्नाटकातील शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुट्टी लागते आणि मे संपता संपता शाळा उघडण्याची तयारी सुरू होते. महाराष्ट्रात सुट्टी मे महिन्यात लागून जूनच्या मध्यापर्यंत चालते. गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगण यांची वेळापत्रके आणखी निराळी. सर्वांची सुट्टी एकत्र येते ती केवळ मे महिन्यात. आणि समुद्राचा स्वभाव पालटू लागतो तोही याच महिन्यात.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात सर्वसाधारणपणे १ जूनला पोहोचतो आणि त्यानंतर काही दिवसांत कारवार-गोवा गाठतो, असे आपण शाळेत शिकवतो. पण पंचांग निसर्ग पाळतोच असे नाही. २०२५ साली पाऊस २४ मे रोजीच केरळात आला आणि दोन दिवसांत मुंबईपर्यंत जाऊन धडकला. २०२१ साली मेच्या मध्यावर 'तौक्ते' चक्रीवादळ अरबी समुद्रातून केरळ, कर्नाटक, गोवा आणि कोकणाच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गुजरातपर्यंत गेले. तात्पर्य, मेचा शेवटचा आठवडा समुद्रासाठी राखून ठेवू नये. जायचे तर मेच्या पहिल्या दहा-बारा दिवसांत जावे. आणि सर्वांची सुट्टी जुळत असेल तर एप्रिलची अखेर त्याहून बरी.

काळाबरोबर उकाड्याचाही विचार हवा. किनाऱ्यावर पारा फार चढत नाही; मे महिन्यात तो दुपारी तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपास असतो. विदर्भात किंवा ग्वाल्हेरला बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोसलेल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल. परंतु शरीर थंड होते ते घाम सुकल्याने, नुसता घाम आल्याने नव्हे. किनाऱ्याच्या हवेत बाष्प इतके असते, की घाम सुकतच नाही. म्हणून कोरड्या मुलखातून आलेले वृद्ध आणि लहान मुले तेथे लवकर थकतात. यावर निसर्गाचाच एक उतारा आहे. दिवस वर आला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा धावून येते. हा खारा वारा दुपारी चांगला वाहू लागतो. उतरण्याची जागा निवडताना खोल्यांच्या खिडक्या पश्चिमेकडे, वाऱ्याच्या वाटेवर आहेत काय, हे विचारणे म्हणूनच भिंतीच्या रंगापेक्षा महत्त्वाचे.

आता तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा विचार, पाण्याचा. समुद्र म्हणजे लाटा, असे आपण सहज म्हणतो. पण काठावर येणारी प्रत्येक लाट जवळच्या वाऱ्याने उठलेली नसते. हिंदी महासागराच्या अगदी दक्षिणेला, विषुववृत्तापासून हजारो किलोमीटर दूर, मोठी वादळे होतात. त्यांतून उठलेल्या लांब लाटा कित्येक दिवसांचा प्रवास करून आपल्या किनाऱ्याला लागतात. येथे आकाश स्वच्छ असते, वारा पडलेला असतो, आणि पाणी मात्र एकाएकी चढते. केरळातील कोळी या प्रकाराला 'कल्लक्कडल' म्हणतात. म्हणजे चोर समुद्र. चोरासारखा चाहूल न देता येतो म्हणून चोर. हे कोळ्यांचे नाव शास्त्रज्ञांनीही स्वीकारले असून २०१२ साली युनेस्कोने त्यास मान्यता दिली. पावसाळ्यापूर्वीच्या, म्हणजे नेमक्या आपल्या सुट्टीच्या महिन्यांत तो अधिक दिसतो. ६ मे २०२४ रोजी कन्याकुमारी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच तरुण विद्यार्थी बुडाले, तेव्हा समुद्रावर अशाच लाटा होत्या आणि त्यांची सूचनाही दिली गेलेली होती.

ही सूचना देणारी संस्था आपल्या हैदराबादेतच आहे. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'इन्कॉइस' म्हणतात, ते अशा लाटांचा अंदाज आधीच काढून किनाऱ्यावरच्या राज्यांना कळवते. तो अंदाज कोणालाही मोबाईलवर पाहता येतो. सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र पाहावे तसा तो सुट्टीत रोज पाहावा. ज्या दिवशी इशारा असेल त्या दिवशी पाण्यात पाय घालू नये. मंदिर, चर्च, बाजार, बागा पाहाव्यात.

माझ्या भाच्याला ज्याने ओढले तो प्रकार निराळा. लाटा पाणी काठावर आणून टाकतात. ते पाणी परत जाण्यासाठी वाट शोधते आणि वाळूच्या दोन बांधांमधील खोलगट वाटेने जोराने आत जाते. या वाटेवर पाणी खोल असल्याने लाटा फुटत नाहीत. म्हणून फेसाळ पाण्याच्या मध्ये एक शांत, काहीसा गडद किंवा गढूळ पट्टा दिसतो आणि नवखा माणूस तोच सुरक्षित समजून निवडतो. या ओढीशी झुंजून सरळ काठाकडे पोहणारा थकतो आणि बुडतो. ती माणसाला तळाशी नेत नाही, फक्त आत नेते. तिची रुंदीही थोडी असते. म्हणून सापडलेल्याने धीर धरावा, पाठीवर तरंगावे, हात वर करावा, आणि बळ असेल तर काठाला समांतर, आडवे पोहत त्या पट्ट्याबाहेर पडून मग लाटांबरोबर परतावे. काठावरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. तरंगणारी वस्तू फेकावी. झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅनसुद्धा माणसाला तोलून धरतो. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा असे करून सबंध कुटुंबे गेल्याची उदाहरणे आहेत.

मी शिक्षिका आहे. मुलांना घेऊन सहलीला जाणे हे माझ्या कामाचाच भाग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर शाळेच्या सहलीला आलेल्या चार मुली बुडाल्या. तो पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. हिवाळ्यातला एक दिवस होता. ती बातमी वाचल्यापासून कोणत्याही किनाऱ्याविषयी माझा पहिला प्रश्न एकच असतो: तेथे जीवरक्षक आहेत काय, आणि कोणत्या वेळेत असतात? गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षकांची संघटित व्यवस्था आहे. कर्नाटकात होन्नावरजवळचे कासरकोड आणि उडुपी जिल्ह्यातील पडुबिद्री या दोन किनाऱ्यांना २०२० साली 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानचिन्ह मिळाले. पाण्याची नियमित तपासणी, स्वच्छतागृहे, जीवरक्षक अशा अटी पाळल्या तरच हा निळा झेंडा मिळतो, आणि तो दर वर्षी नव्याने मिळवावा लागतो. असा झेंडा एखाद्या किनाऱ्यावर असला, तर तो कुटुंबासाठी शिफारसपत्रासारखा मानावा.

भरती-ओहोटीचाही थोडा हिशोब असावा. वडोदऱ्याच्या श्रोत्यांना खंबातच्या आखाताची भरती ऐकून ठाऊक असेल. तेथे पाणी दहा मीटरांहून अधिक चढते-उतरते. मुंबईस मोठ्या भरतीला ते पाच मीटरांच्या घरात असते, कारवारला दोन मीटरांच्या आसपास, आणि दक्षिण केरळात त्याहूनही कमी. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते. कोकणातील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून ती काढतात: चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. हा हिशोब ढोबळ आहे. खात्रीसाठी छापील कोष्टक पाहावे. पण ज्या घरात पंचांग आहे तेथे निदान अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे दिवस तरी आधी कळतात.

हे निकष हाती घेऊन आता काही गावे पाहू.

गोकर्ण हे तीर्थक्षेत्र. महाबळेश्वराच्या देवळाजवळचा किनारा सपाट आहे. परंतु ज्यांची छायाचित्रे आपण पाहतो ते कुडले आणि ओम हे किनारे टेकड्यांच्या कुशीत आहेत. तेथे चढउतार आहे, खडक आहेत. तरुणांनी अवश्य जावे. आजींना घेऊन जाताना दोनदा विचार करावा. केरळातील वर्कलाची गोष्टही तशीच. समुद्राला भिडलेला उंच कडा ही त्याची शोभा, आणि त्या कड्यावरून वाळूकडे उतरणाऱ्या पायऱ्या ही त्याची अडचण. शिवाय तो किनारा खुल्या समुद्राला तोंड करून आहे. त्याउलट उत्तर केरळातील कण्णूरजवळचा मुळप्पिलंगाड. सुमारे चार किलोमीटरांच्या त्या घट्ट वाळूवरून मोटारगाडी चालवता येते, आणि समोरचे काळे खडक लाटांचा जोर मोडतात. चालता न येणाऱ्या माणसाला गाडीतून थेट पाण्याजवळ नेता येते, ही सोय साधी नव्हे. पण बेळगावहून ते लांब पडते.

उडुपीजवळचे मलपे विचार करण्याजोगे आहे. किनारा सपाट, कृष्णमठ जवळ, आणि मणिपालची मोठी रुग्णालयेही हाकेच्या अंतरावर. समोरच्या सेंट मेरी बेटांवर लाव्हा थिजून तयार झालेले अनेककोनी दगडी स्तंभ आहेत. वास्को द गामाने १४९८ साली येथे उतरून बेटाला पवित्र मरियेचे नाव दिले, अशी आख्यायिका सांगतात. मात्र मेच्या मध्याच्या सुमारास समुद्र खवळू लागला की बेटाकडे जाणाऱ्या नौका बंद होतात. केवळ बेटासाठी जाणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे, नाही तर मुलांची निराशा होते.

या सर्वांतून गेल्या उन्हाळ्यात आमच्या चौदा जणांच्या मेळाव्याने कारवार निवडले. त्याची कारणे सांगते.

पहिले कारण किनाऱ्याचा आकार. दक्षिणेला बैतकोलचा डोंगर समुद्रात शिरलेला, समोर लहान लहान बेटे, आणि मध्ये गावाचा उपसागर. लाटा या आडोशांना वळसा घालून आत येतात तेव्हा त्यांचा जोर बराच ओसरतो. याच आडोशामुळे बैतकोलचे बंदर पावसाळ्यातही जहाजांना आसरा देत आले आहे. अर्थात येथे धोका नाही असे मुळीच नाही. उत्तरेला काळी नदी समुद्राला मिळते, आणि कोणत्याही नदीच्या मुखाशी ओढ असते. ओहोटीच्या वेळी तर विशेषच. म्हणून आम्ही मुखाकडची बाजू मुलांना पूर्णपणे वर्ज्य ठेवली.

दुसरे कारण सपाटी. महामार्ग किनाऱ्याला लागूनच जातो. गाडीतून उतरून थोडे चालले की वाळू. एकही पायरी नाही. रस्त्याची वर्दळ कानांवर येते, हे खरे. पण सासूबाईंच्या गुडघ्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. तिसरे कारण असे, की हे जिल्ह्याचे मुख्य गाव असल्याने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गावातच आहे. चौथे कारण वाट. बेळगावहून खानापूर, रामनगर, गणेशगुडी, जोयडा असे जाऊन अणशीचा घाट उतरला, की सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला समुद्राजवळ असतो. गणेशगुडीला सुपा धरणाशी जी काळी नदी भेटते, तीच कारवारला समुद्रात मिळताना दिसते. मुलांना नदीचा भूगोल वेगळा शिकवावा लागत नाही. घाटात वळणे फार, म्हणून मळमळणाऱ्यांनी हलके खाऊन निघावे. दुरून येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वे आहे. १९९८ पासून ती पूर्ण मार्गावर धावू लागल्याने उत्तरेकडच्या आप्तांना कारवार आवाक्यात आले. स्थानक गावापासून काही किलोमीटर आत आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट मनाला भावली. हा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात व नंतर मुंबई राज्यात होता. कोकणी ही तेथली घरची बोली, आणि मराठीही समजते. आजींना भाजीवालीशी चार शब्द मनमोकळे बोलता आले. परमुलखात वृद्ध माणूस गप्प होते ते पुष्कळदा भाषेमुळे. तो एकांत येथे वाट्याला येत नाही. रवींद्रनाथ ठाकूर तरुणपणी येथे येऊन राहिले होते. त्यांचे वडीलबंधू सत्येंद्रनाथ तेव्हा कारवारला जिल्हा न्यायाधीश होते. 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक रवींद्रांनी येथेच लिहिले, आणि आपल्या आठवणींत कारवारवर एक स्वतंत्र प्रकरणही लिहिले. किनाऱ्याला आज त्यांचेच नाव आहे. शेजारी निवृत्त युद्धनौका संग्रहालय म्हणून उभी आहे. मुलांची एक दुपार तेथे सहज जाते.

आमचा दिनक्रम ठरलेला होता. सकाळी साडेनऊपर्यंत समुद्र, मग सावली. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा समुद्र, आणि दिवे लागण्यापूर्वी सर्वजण पाण्याबाहेर. मुलांनी गुडघ्याच्या वर पाण्यात जायचे नाही. दोन मोठी माणसे आळीपाळीने काठावर उभी. त्या वेळी त्यांनी मोबाईल हाती धरायचा नाही. मद्य घेतलेल्याने पाण्यात उतरायचे नाही, मग तो कितीही मानाचा पाहुणा असो. पहिल्याच संध्याकाळी आम्ही तेथल्या कोळ्यांना विचारून घेतले, की या आठवड्यात कोठे उतरावे आणि कोठे उतरू नये. त्यांनी हातानेच जागा दाखवल्या. कोणत्याही पुस्तकापेक्षा ही माहिती ताजी असते, कारण वाळूचे बांध आपली जागा बदलत असतात.

जेवणाविषयी थोडे. यांत्रिक नौकांची मासेमारी कर्नाटकात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते. मेमध्ये बाजार भरलेला असतो. बांगडा, इसवण, सुंगटे मिळतात. अंकोल्याकडचा 'करी ईशाड' आंबा याच दिवसांत येतो. पण मुख्य प्रश्न स्वयंपाक कोणी करायचा हा आहे. पैसे वाचावेत म्हणून स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतात, आणि घरातल्या बायका घरी करत होत्या तेच समुद्राकाठी करत राहतात. मग ती सुट्टी पुरुषांची आणि मुलांची. आम्ही एक वेळचे जेवण खानावळीतून आणवले आणि दुसऱ्या वेळी पाळ्या लावल्या; पाळीत पुरुषांचीही नावे होती. पहिल्या दिवशीचा भात करपला. तो सर्वांनी निमूटपणे खाल्ला.

खर्चाचेही आधीच बोलून घ्यावे. मेळाव्यातील सर्व घरांची ऐपत सारखी नसते, आणि ज्याची कमी असते तो ते बोलून दाखवत नाही. तो फक्त काही तरी निमित्त सांगून येत नाही. म्हणून निवास ठरवताना सर्वांत लहान खिशाला झेपेल असाच ठरवावा, आणि पैसे एकाच माणसाच्या हाती सोपवून हिशोब रोज रात्री वाचून दाखवावा. रविवारची प्रार्थना, कोणाचा उपवास, कोणाचे शाकाहारी ताट यांसाठीही वेळ आणि जागा आधी राखावी. आमच्यापैकी काहीजण रविवारी सकाळी मिस्सेला गेलो, तेव्हा बाकीच्यांनी न्याहारी मांडून ठेवली होती.

श्रोतेहो, तुमचे गाव कारवारच असले पाहिजे असे नाही. तुमची माणसे निराळी, तुमची वाट निराळी. तरण्याताठ्यांच्या गटाला गोकर्णच योग्य ठरेल, हैदराबादकरांना पूर्वेचा किनारा जवळ पडेल. पण निवडताना आधी माणसे, मग महिना, मग किनाऱ्याचा आकार, आणि छायाचित्र सर्वांच्या शेवटी, हा क्रम सोडू नका.

शेवटच्या संध्याकाळी सासूबाईंनी खुर्ची पाण्याच्या अगदी कडेला मांडून घेतली. ओसरती लाट त्यांच्या पावलांवरून गेली, तशी त्यांनी लुगडे थोडे वर धरले आणि दुसऱ्या लाटेची वाट पाहत बसल्या. त्यांच्या शेजारी, गुडघाभर पाण्यात, माझा भाचा उभा होता. तो आता चांगला तेवीस वर्षांचा झाला आहे. लहान मुलांवर लक्ष ठेवण्याची पाळी त्याची होती, आणि तो एक क्षणही समुद्राकडे पाठ करत नव्हता.